मामाच्या नावावर खपवलेला राग

चव्वेचाळीस वर्षं मी ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही. माझा चुलतभाऊ पंडित याचा डावा डोळा विटी लागून गेला, असं एरंडोलजवळच्या आमच्या गावात आजही सगळे सांगतात. विटी लागली नव्हती. दांडू लागला होता, आणि तो मी मारला होता. मी अकरा वर्षांचा, तो आठ. डाव कोणाचा यावरून आमचं वाजलं, त्यानं मला वाकुल्या दाखवल्या, आणि पुढचं मला नीट आठवत नाही... आठवतो तो एक आवाज, आणि दांडूवर आवळलेली माझी मूठ. ती मला कितीतरी वेळ उघडताच येईना. सगळ्यांच्या आधी माझे वडील पोचले. त्यांनी पंडितकडे पाहिलं, माझ्या मुठीकडे पाहिलं आणि म्हणाले, "विटी लागली ना?" तो प्रश्न नव्हता. वडिलांचा हात साऱ्या गल्लीला माहीत होता आणि पंडित त्यांच्याच घरात वाढत होता. तोही म्हणाला, विटी.

रविवारच्या पुरवणीसाठी एका गेलेल्या माणसाविषयी लिहायला बसलो आणि स्वतःपासूनच सुरुवात केली, याचं वाचणाऱ्याला नवल वाटेल. पण सुपडूभाऊंविषयी खरं लिहायचं तर दुसरीकडून सुरुवात करताच येत नाही. सुपडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ, माझ्या मुलाचे मामा. माझ्या हातातला हा राग माझ्या मुलात उतरला, तेव्हा तो मी त्यांच्या नावावर खपवला आणि त्यांनी तो मुकाट्यानं सतरा वर्षं वागवला. सात आठवड्यांपूर्वी ते गेले. गुढीपाडवा होऊन चार दिवस झाले होते. मी जळगावजवळच्या एका खाजगी केळी रोपवाटिकेत देखरेखीचं काम करतो. दुपारी एकच्या सुमाराला शेडनेटमध्ये रोपं मोजत होतो, तेव्हा धुळ्याहून निखिलचा, माझ्या मुलाचा फोन आला. "पप्पा, मामा गेला. ओट्यावर बसल्या बसल्या गेला." मी काहीतरी विचारलं असेल. मग सव्वीस वर्षांचा माझा मुलगा लहान पोरासारख्या आवाजात म्हणाला, "आता मला कोण धरेल?"

त्या वाक्यानं मला जे वाटलं ते दुःख नव्हतं, हे आज मान्य करतो. ती भीती होती. तीच जुनी.

सुपडूभाऊ शिंदखेड्याचे. त्यांच्याआधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून जन्मल्या जन्मल्या त्यांना सुपात घालून ओढलं होतं, म्हणून नाव सुपडू. माझं लग्न ठरलं तेव्हा आमच्याकडच्या कोणीतरी वडिलांच्या कानावर घातलं होतं, की मुलगी सोन्यासारखी आहे, पण तिचा भाऊ जरा डोक्यानं गरम आहे. गोष्ट खरी होती. विशीत असताना पोळ्याच्या दिवशी बैल आधी कोणाचा निघणार, यावरून भांडण झालं आणि त्यांनी गावातल्या दगाजीचा हात मोडला होता. तो हात पुढे वाकडाच राहिला. माझे वडील हे ऐकून हसले होते. "गरम डोकं आपल्याला काय नवीन आहे?" म्हणाले. मी नाही हसलो. लग्नात मी सुपडूभाऊंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चेहऱ्याआधी त्यांचे हात पाहिले. मोठे, काळे, खरबरीत हात होते, आणि पंगत वाढून झाल्यावर सगळे गप्पा मारत असताना ते हात कोपऱ्यात बसून दोर वळत होते. धोतर गुडघ्याच्या वर घेतलेलं, अंबाडीच्या तंतूंचा वाख मांडीवर ठेवून तळहातानं पीळ द्यायचा, पुन्हा ओढायचा, पुन्हा पीळ. त्यांच्या उजव्या मांडीवर केस नव्हते. घासून घासून गेले होते. बहिणीच्या लग्नात दोर कसले वळता, असं कोणीतरी हटकलं तर म्हणाले, "वळू दे भो. वळना नही ते भांडन करसू." सगळे हसले. ते थट्टा करत नव्हते हे मला फार उशिरा कळलं.

निखिल झाला तेव्हा तो दिवसभर रडायचा. एका दुपारी सुनंदा, माझी बायको, अंघोळीला गेली होती आणि पाळण्याशी मी एकटा होतो. झोके देऊन देऊन थकलो. तो थांबेना. आणि माझा हात वर गेला... चाळीस दिवसांच्या पोरावर. खाली आला नाही. मी पाळण्याची दोरी पकडली आणि इतकी आवळली की तळव्यावर वळ उठले. सुनंदा बाहेर आली तेव्हा पोर झोपलं होतं आणि मी भिंतीला टेकून बसलो होतो. तिला वाटलं, मी दमलोय. त्या दिवसापासून मी निखिलला उचललं नाही. कोणी मांडीवर द्यायला आलं की म्हणायचो, "नको, हाताला औषध आहे." रोपवाटिकेत आम्ही रोपांवर बुरशीची औषधं मारतो, त्यामुळे कोणाला संशय आला नाही. उलट जपणारा बाप म्हणून माझं कौतुक झालं. निखिल पाच वर्षांचा असताना एकदा त्यानं विचारलं, "पप्पा, तुमच्या हाताला रविवारी पण औषध असतं का?" मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. पण त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही, हे आठवतं.

त्याचं जावळ काढलं तेव्हा रीतीप्रमाणे त्याला मामाच्या मांडीवर बसवलं. न्हाव्याचा वस्तरा पाहून पोर किंचाळत होतं. सुपडूभाऊंनी त्याच्या पोटावर एक हात ठेवला, दुसऱ्या हातानं त्याला वाखाचं एक टोक दिलं, आणि ते टोक मुठीत धरून पोर गप्प बसून राहिलं. आमच्याकडे म्हाताऱ्या बाया म्हणतात, ज्याच्या मांडीवर जावळ निघालं त्याचा गुण पोराला लागतो. त्या दिवशीही कोणीतरी म्हणालं. मी ते वाक्य मनात नीट घडी करून ठेवून दिलं. कधीतरी लागेल म्हणून.

ते लागलं निखिल चौथीत असताना. त्यानं वर्गातल्या एका मुलाच्या कपाळावर स्टीलची पाण्याची बाटली मारली. टाके पडले. मला शाळेत बोलावलं. मुख्याध्यापिकाबाई बरंच बोलल्या, पण मी फक्त निखिलचा हात पाहत होतो. बाटली कधीच काढून घेतली होती, तरी मूठ तशीच आवळलेली होती आणि तो ती उघडायचा प्रयत्न करत होता. उघडत नव्हती. मी त्या मुठीला ओळखलं. साऱ्या जगात मीच एकटा तिला ओळखत होतो... तिथून बाहेर पडताना मी त्याचा हात धरला नाही. तो माझ्या मागे चार पावलांवर चालत आला.

त्याच रविवारी आमच्याकडे सत्यनारायण होता. दोन्हीकडचे पाहुणे जमले होते. त्या जखमी मुलाचे वडीलही आले, भांडायला नाही, सभ्यपणे विचारायला, की हो, एवढ्याशा पोरात एवढा राग येतो कुठून? सगळे माझ्याकडे पाहू लागले. माझे वडील तेव्हा हयात होते. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून तेही माझ्याकडे पाहत होते, आणि त्या साऱ्या वर्षांत एकदाच मला वाटलं की ते काहीतरी बोलणार. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी बोललो. हसत म्हणालो, "येणार कुठून? मामावर गेलाय. जावळच त्या मांडीवर निघालं." माझ्या काकांनी वर फोडणी दिली, "सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते काय खोटं?" खोलीत हशा पिकला. सुपडूभाऊ दाराशी प्रसादाचा द्रोण हातात घेऊन बसले होते. दगाजीच्या हाताची गोष्ट तिथं सगळ्यांना माहीत होती. त्यांनी द्रोण खाली ठेवला, माझ्याकडे एकदा पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं, आणि म्हणाले, "खरं शे. मन्हा भाचा शे, मन्हावरच जाई ना. आते मीच देखसू त्याले." मग काकांकडे वळून म्हणाले, "आनि नाना, पीळ जाळाना कशाले? उकलाना."

सुनंदा आत गेली. ती बराच वेळ बाहेर आली नाही.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात आणि दिवाळीत निखिल शिंदखेड्याला राहू लागला. मी याला सुटका समजलो. लाज वाटते, पण खरं तेच. तो घरात नसला की माझा जीव शांत असायचा. तो घरात असला की शाळेचा फोन येईल, शेजाऱ्याचा येईल, एखाद्या दिवशी पोलिसांचा येईल, असं वाटत राहायचं. पेपरात कुठे कॉलेजात मारामारी झाल्याची बातमी आली की मी आधी नावं वाचायचो, निखिल बाजूच्या खोलीत अभ्यास करत असला तरी. मी त्याच्यावर कधी हात उचलला नाही. माझ्या वडिलांसारखा मी नाही, याचा मला मनातून अभिमान होता. हात न उचलणं म्हणजे बाप असणं, एवढंच माझं गणित होतं. आवाज चढला की मी खोली सोडून जायचो. तो जवळ आला की मी उठायचो.

एका मे महिन्यात त्याला आणायला गेलो होतो. ओट्यावर मामा-भाचे समोरासमोर बसून दोर वळत होते. निखिल तेव्हा दहा वर्षांचा. त्याचे पेड सारखे सुटत होते आणि तो चिडून ते फेकून देत होता. सुपडूभाऊ दर वेळी ते उचलून परत त्याच्या मांडीवर ठेवत. रागावत नव्हते, समजावतही नव्हते. शेवटी म्हणाले, "एकला पेड कितीबी पीळ दे, सोडा का उकलस. दुसरा पेड उलटा वळना पडस. मंग दोन्ही एकमेकले धरी ठेवतस." पोरानं पुन्हा वळायला घेतलं. मी अंगणात उभा राहून पाहत होतो. थोड्या वेळानं ते माझ्याजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "दाजी, राग बठ्ठासले येस, मालेबी येस. तुम्ही पोऱ्याले मारतस नही, हाई चांगलं शे. पन तुम्ही त्याले घाबरतस. पोऱ्याले समजस ना ते. बापच घाबरना, ते पोऱ्या कोनाकडे जाई?"

मी म्हणालो, बस चुकेल, आम्ही निघतो.

मला हे कळायला हवं होतं, कारण माझा सगळा जन्म याच कामात गेला आहे. आमची केळीची रोपं प्रयोगशाळेत बाटलीत वाढलेली असतात. हजारो रोपं, सगळी एकाच आईच्या एका तुकड्यातून निघालेली, अंगानं तंतोतंत सारखी. ती बाटलीतून काढून एकदम उन्हात ठेवली तर दोन दिवसांत करपतात, आणि कायम सावलीत ठेवली तर पुढे वावरात पहिल्याच वाऱ्याला मोडतात. म्हणून रोज थोडं थोडं ऊन दाखवावं लागतं, रोज जवळ जाऊन पाहावं लागतं. सुपडूभाऊ एकदा हे सगळं बघायला आले होते. ट्रेच्या रांगांमधून वाकून वाकून बघत म्हणाले, "बठ्ठा एकसारखाच?" मी जरा ऐटीत म्हणालो, फरक शोधून दाखवा. "मंग शेतकरी तुम्हनाशी भांडाले काबर येतस? याना बाग चांगला, त्याना खराब?" मी म्हणालो, भाऊ, रोप आम्ही देतो, पुढे ते कोणाच्या हाती पडतं त्यावर आहे. ते मोठ्यानं हसले. पाठीवर थाप मारून म्हणाले, "अरे वा! रोपले समजस, आंडोरले नही समजत?" मुलगा आणि रोप यांत फरक असतो, असं काहीतरी मी पुटपुटलो. ट्रेवर पाणी मारायला लागलो.

सुपडूभाऊंची आणखी एक रीत होती, ती सांगायलाच हवी. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळा खानदेश माहेरपणात आणि झोक्यात असताना, ते सकाळी अंघोळ करून नवा वळलेला दोर घेऊन दगाजीच्या घरी जात. त्याच दगाजीच्या, ज्याचा हात त्यांनी मोडला होता. पहिली काही वर्षं दगाजीनं दार उघडलं नाही. तेव्हा दोर कडीला अडकवून ते परत येत. मग दार उघडायला लागलं. दारात उभं राहून एकच वाक्य म्हणायचे, "हात मी मोडेल शे." माफी नाही, कारण नाही. दगाजी दोर घ्यायचा, कधी पाणी विचारायचा, कधी नाही. मोठा झाल्यावर निखिलही बरोबर जायचा. मी एकदा म्हणालो, भाऊ, इतकी वर्षं झाली, आता तोही विसरला असेल. ते म्हणाले, "तो इसरी, पन त्याना हात कसा इसरी?"

निखिलचा राग गेला नाही. जात नसतो बहुतेक. पण एकोणिसाव्या वर्षी, धुळ्याच्या एका गॅरेजमध्ये तो कामाला लागला तेव्हा, तिथल्या कोणीतरी त्याला आईवरून शिवी दिली. त्यानं हातातला पाना वर उचलला, आणि खाली ठेवला. बाहेर जाऊन जुन्या टायरवर बसला, खिशातून वाख काढला आणि अर्धा तास दोर वळत राहिला. मिस्त्री म्हणे हसून हसून बेजार झाला. हे त्यानं मामाला सांगितलं होतं. मला नाही. मला ते पुढे सुपडूभाऊंच्या बायकोकडून, वहिनींकडून कळलं.

दोन वर्षांपूर्वी निखिलचं लग्न झालं. लग्नात पंडित आला होता. एरंडोलला त्याची पिठाची गिरणी आहे. आम्ही मांडवात शेजारी शेजारी उभे होतो. वरची झालर सुटून लोंबत होती, ती अडकवायला मी झटकन हात वर केला... आणि पंडितनं मान बाजूला घेतली. डोक्यावर केस पिकलेला, नातवंडं असलेला माणूस. एका क्षणात झालं आणि संपलं. तो लगेच हसला, काहीतरी बोलला, मीही बोललो. दोघांनीही काही पाहिलंच नाही, असं केलं. पण मांडवाच्या दुसऱ्या टोकाला सुपडूभाऊ उभे होते.

होळी झाल्यावर मी त्यांना शेवटचं भेटलो. छातीचं दुखणं होतं, डॉक्टरांनी शेतात जायला मनाई केली होती. ओट्यावर बसून वळणं चालू होतं, पण हात हळू चालत होते. मध्येच थांबून दम घ्यायचे. मी विचारलं, हा दोर कोणासाठी? "तुम्हनासाठे." मी हसलो. माझ्याकडे ना बैल ना विहीर, मी काय करू? ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "एरंडोलले लई जा." मी चहाचा कप खाली ठेवला. "लगीनमा देखं मी, दाजी. तुम्हना हात वर गया आनि पंडितनी मान फिरी. विटीले कोनी इतला घाबरस का?" एक हाताचा दोर वळून व्हायचा बाकी होता. ते वळत राहिले, आणि मी उठलो. चार वाजताची गाडी आहे म्हणालो. गाडी सहाची होती. दोन तास मी स्टँडवर बसून काढले.

तेराव्याला निखिलची एक म्हातारी मावसआजी आली होती. रडून झाल्यावर तिनं निखिलच्या तोंडावरून हात फिरवला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "सुपडू गया, पन त्याना राग भाचामा ठेवी गया रे बाप्पा." तिच्या मनात वाईट काही नव्हतं. ती मायेनंच बोलली. सतरा वर्षांपूर्वी मी सोडलेलं वाक्य एवढं दूर चालत आलं होतं. मी निखिलकडे पाहिलं. तो मान हलवत होता. त्याला ते खरं वाटत होतं.

त्यानंतर आठवड्यानं मी आणि सुनंदा धुळ्याला त्याच्या घरी गेलो. त्याची मुलगी, माझी नात, चार महिन्यांची आहे. ती रडत होती. सूनबाई, पूजा, स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, घ्या ना तिला!" निखिल उठला, पाळण्यापर्यंत गेला आणि दोन पावलं अलीकडे थांबला. दोन्ही हात पाठीमागे बांधले. म्हणाला, "तूच घे. माझ्या हाताला ग्रीस आहे." रविवार होता. त्याचे हात स्वच्छ होते.

एवढी वर्षं मला वाटत होतं की मुलात राग उतरेल, दांडू उतरेल, मूठ उतरेल. पाठीमागे बांधलेले हात उतरतील असं कधी मनातही आलं नाही. माझ्या वडिलांचा राग माझ्यात आला तो रक्तातून आला की रोज बघून आला, ते मला सांगता येणार नाही. दोन्हीकडून आला असेल. पण हे हात रक्तातून आलेले नाहीत. हे मी दिलेत. पोराला राग दिला, आणि तो धरायला शिकवण्याऐवजी वर स्वतःची भीती दिली. मामानं दुसरा पेड वळला म्हणून तो आजवर टिकला. आणि ज्यानं वळला, त्याचंच नाव आम्ही दोषाला लावून ठेवलं.

मी तिथंच, उभ्या उभ्या सांगितलं. पंडितचा डोळा, दांडू, वडिलांचा प्रश्न, पाळण्याची दोरी, हाताचं औषध. सत्यनारायणाच्या दिवशीचं वाक्य. किती वेळ बोललो कोण जाणे. पूजानं मुलीला उचलून आत नेलं होतं. निखिल ऐकत होता आणि त्याचा चेहरा पांढरा होत चालला होता. सगळं झाल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "म्हणजे मामाचं नव्हतंच?" मी म्हणालो, नाही. माझं. "मग मामानं ऐकून का घेतलं?" त्याची मूठ आवळत गेलेली मी पाहिली. त्या क्षणी मला खरोखर वाटलं, हा आता मला मारेल. आणि मारलं तर बरं होईल, असंही वाटलं. तो खुंटीवरचा वाख घेऊन गच्चीवर निघून गेला.

सुनंदा परतीच्या सगळ्या वाटेत खिडकीकडे तोंड करून बसली. घरी आल्यावर तिनं ताट वाढलं. आणखी काय हवं, हे मात्र विचारलं नाही. दोन दिवसांनी भांडी घासता घासता, पाठमोरीच म्हणाली, "माझा भाऊ तुमच्या घरी आला की मी मान खाली घालायची. त्याचीही मान खाली असायची. तुमची कधीच नव्हती." अजूनही ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. तिच्या जागी मी असतो तर तेवढंही बोललो नसतो.

ऐकून का घेतलं, ते पुढे वहिनींनी सांगितलं. सुपडूभाऊ त्यांना म्हणायचे, नाव माझं लागलं ते बरंच झालं, त्या निमित्तानं पोऱ्या माझ्याकडे येतो. नाहीतर त्याला कोणी पाठवलं असतं?

मधे आखाजी झाली. सकाळी लवकर निखिल शिंदखेड्याला गेला. मामाच्या घरून एक दोर घेतला आणि दगाजीच्या दारात जाऊन उभा राहिला. म्हातारा दगाजी म्हणाला, "तू कसाले ऊना? तू काय मोडेल नही मन्हं." निखिल म्हणाला, "मामा नाही आता, म्हणून आलो." दगाजीनं त्या दिवशी त्याला आत बसवून आमरस-पोळी वाढली. निखिल मला फोन करत नाही. आईला करतो, तिच्याकडून मला हे कळतं. परवा तिनं तेवढंच तुटक सांगितलं, "घेतो आता पोरीला. उभ्यानं नाही घेत अजून. खाली बसून घेतो, मांडीवर."

तेराव्यानंतर शिंदखेड्याहून येताना वहिनींनी तो अर्धवट दोर माझ्या पिशवीत घातला होता. आमच्या बाहेरच्या खोलीत दाराशेजारच्या खिळ्याला तो टांगलेला आहे. शेवटचा हातभर भाग तसाच मोकळा आहे, दोन पेड वेगळे लोंबतात. मी ते वळायचा प्रयत्न केला. माझ्या मांडीवर वाख सरकतो, पीळ बसत नाही, केस ओढले जाऊन आग होते. रोज कामावर जाताना तो माझ्या खांद्याला लागतो आणि रोज मला वाटतं, कोणीतरी मागून थांबवलं.

एरंडोल माझ्या घरापासून तासाभराच्या वाटेवर आहे. आखाजी आली आणि गेली, मी गेलो नाही. पंडितच्या गिरणीवर दर रविवारी हीच पुरवणी येते. दळणाला आलेली माणसं ती मोठ्यानं वाचतात. हे छापून येण्याआधी मला जायला हवं. दार उघडेल की नाही, माहीत नाही. उघडलं आणि मी हात जोडायला वर केले, तर तो पुन्हा मान बाजूला घेईल, याचीच मला सगळ्यांत जास्त भीती वाटते.

सुपडूभाऊंचं माझ्यावरचं ऋण आता फिटण्यासारखं नाही. पंडितचं आहे. त्याच्या दारात उभं राहून, डोळा मी फोडला, एवढे तीन शब्द मी त्याला देणं लागतो. ते अजून दिलेले नाहीत.